पोलिसांच्या बिनतारी बोलीतील संक्षेप आणि संगणक : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

वर्धा जिल्ह्यातील सामान्य नागरिकाच्या कानी पोलिसांचे बिनतारी संभाषण पडते ते बहुधा बंदोबस्ताच्या निमित्ताने. मिरवणूक, मोर्चा, सेवाग्रामला एखाद्या मंत्र्याचे आगमन किंवा परीक्षाकेंद्रावरील पहारा, अशा प्रसंगी शेजारी उभ्या असलेल्या अंमलदाराच्या खांद्यावरील वॉकीटॉकीतून जे तुटक शब्द बाहेर पडतात त्यांत क्रियापदे थोडी आणि अक्षरे फार असतात : एलसीबी, एसडीपीओ, आरसीपी, पासष्ट ई, एकशेबाराचा इव्हेंट, सीसीटीएनएसला चढवले का. ऐकणाऱ्याचा पहिला ग्रह असा होतो की ही सांकेतिक भाषा असून ती आपणास कळू नये याच हेतूने योजिलेली आहे. दुसरा ग्रह, जो वार्ताहरांत आणि नव्या वकिलांत अधिक आढळतो, तो असा की प्रत्येक अक्षराचा विस्तार एकदा पाठ केला म्हणजे सर्व उलगडा होतो. गेल्या काही वर्षांत पोलीस ठाण्यातील नोंदवह्या संगणकात गेल्या आणि नियंत्रण कक्षाचे काम पडद्यावर आले. त्यामुळे या दोन्ही ग्रहांची पुन्हा तपासणी करणे अगत्याचे झाले आहे.

एक मर्यादा आरंभीच सांगितली पाहिजे. अमेरिकेत घरी बसून पोलिसांचे बिनतारी संभाषण ऐकणे हा अनेकांचा जुना छंद आहे आणि त्यासाठीचे ग्राहकयंत्र तेथे दुकानात मिळते. आपल्याकडे १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनी परवान्यावाचून असे यंत्र बाळगणे हाच अपराध ठरविला, आणि जुन्या कायद्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाचा कलही नियंत्रणाकडेच आहे. ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकी सर्रास विकल्या जात असल्याचे पाहून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा येथे ज्या ऐकण्याचा विचार करावयाचा ते सहजश्रवण आहे, पाळत नव्हे.

पार्श्वभूमी : राजवटींचे थर

अमेरिकेत पोलिसांच्या गाडीत बिनतारी यंत्र नियमितपणे चालू लागले ते १९२८ साली डेट्रॉइट शहरात, आणि तेही एकमार्गी; गाडीतील शिपाई ऐकू शके, उत्तर देऊ शकत नसे. पुढे दुमार्गी यंत्रे आली, आणि १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्यात 'दहा'पासून सुरू होणारे अंकसंकेत रूढ झाले. त्यांचे कारण मोठे व्यावहारिक होते : त्या काळची यंत्रे कळ दाबताच तत्क्षणी बोलू लागत नसत, पहिले अक्षर हवेत विरून जाई, म्हणून अर्थहीन 'दहा' आधी उच्चारून खरा आकडा मागून सांगावयाचा. यंत्रे सुधारली, तरी संकेत राहिले. बिनतारी बोलीत पुष्कळ गोष्टी अशाच उरतात. मुंबई पोलिसांच्या 'पीटर मोबाईल' या गाडीचे नाव घ्या. जुन्या ब्रिटिश उच्चारमालेत पी या अक्षरासाठी पीटर हा शब्द होता आणि १९५६ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मालेत त्याच्या जागी पापा आला. गाडीच्या नावातला पीटर हा निव्वळ योगायोग नसावा.

हिंदुस्थानात या कामाची मध्यवर्ती व्यवस्था १९४६ पासूनची आहे. आज ती पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय या नावाने केंद्रीय गृहमंत्रालयाखाली चालते, आणि महाराष्ट्राच्या बिनतारी विभागाचे मुख्यालय पुण्यास आहे. परंतु वर्ध्याच्या बोलीचा विचार करताना यंत्राच्या इतिहासापेक्षा राज्यकारभाराचा इतिहास अधिक उपयोगी पडतो. १८६२ साली नागपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कागदोपत्री सीमा एका रात्रीत बदलते, पण ठाण्यातील मोहरीर, म्हणजे लेखनिक, आपली वही आणि आपले शब्द सहसा बदलत नाही. म्हणून पुण्याकडचा अंमलदार ज्यास 'गु.र.नं.', म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणतो त्यास वर्ध्याचा अंमलदार 'अप.क्र.', म्हणजे अपराध क्रमांक, म्हणतो. पश्चिम महाराष्ट्रात विहिरीत पडून मेलेल्या माणसाची नोंद 'अकस्मात मृत्यू' या मथळ्याखाली होते आणि बोलताना तिचे 'एडी' होते. देवळी किंवा आष्टीच्या ठाण्यात तीच नोंद 'मर्ग' असते. मर्ग हा फारसीतला मृत्युवाचक शब्द मध्य प्रांताच्या दफ्तरातून आला आणि राज्य पालटल्यावरही टिकला. ठाण्याच्या प्रमुखास 'ठाणेदार' म्हणण्याची वैदर्भी रीतही त्याच दफ्तराची.

या थरावर आणखी एक थर चढला तो परिभाषाकारांचा. डॉ. रघुवीर यांनी मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारच्या आश्रयाने नागपुरात संस्कृतनिष्ठ प्रशासनिक परिभाषेचा प्रचंड उद्योग केला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश काढले. 'पोलीस अधीक्षक', 'उपविभागीय पोलीस अधिकारी', 'स्थानिक गुन्हे शाखा', 'बिनतारी संदेश' हे सारे शब्द आज लेखी कारभारात निर्वेधपणे चालतात. बोलताना मात्र एसपी, एसडीपीओ, एलसीबी आणि वायरलेस. लिहिण्याची मराठी आणि बोलण्याची इंग्रजी आद्याक्षरे अशी ही विभागणी पक्की झालेली असून तिच्याविषयी ठाण्यात कोणालाही संकोच वाटत नाही.

संक्षेपांचे प्रकार

कानी पडणाऱ्या संक्षेपांची ढोबळ विभागणी केली तर एक वर्ग पदांचा, दुसरा शाखा व पथकांचा, तिसरा कायद्याच्या कलमांचा आणि चौथा संगणक-व्यवस्थांचा होतो. पहिल्या दोन वर्गांत कठीण असे काही नाही, पण परप्रांतीयाची फसगत होते. एएसआय म्हणजे सहायक उपनिरीक्षक आणि एपीआय म्हणजे सहायक निरीक्षक. ही दोन पदे ऐकण्यात जवळची असली तरी अधिकाराने दूर आहेत, आणि एपीआय हे पद इतर बहुतेक राज्यांत नसल्याने तेथून आलेल्या माणसास दोन्ही एकच वाटतात. आरसीपी म्हणजे दंगा नियंत्रण पथक, क्यूआरटी म्हणजे शीघ्र कृती दल, डीएसबी म्हणजे जिल्हा विशेष शाखा, बीडीडीएस म्हणजे बॉम्ब शोधक व नाशक पथक. एलसीबी हे नाव वर्ध्यात कोणास समजावून सांगावे लागत नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यांनी ते घरोघरी पोचविले आहे.

कलमांचा वर्ग अधिक बोलका आहे. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि त्यामुळे येथील बिनतारीवर जे आकडे पुनःपुन्हा ऐकू येतात ते १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचे. 'पासष्ट ई' म्हणजे मादक द्रव्याची विक्री, खरेदी किंवा कब्जा यांसंबंधीचे उपकलम. नाशिककडच्या पत्रकारास हा आकडा तितका वारंवार ऐकू येणार नाही. हिंगणघाटच्या पानटपरीवाल्यास तो तोंडपाठ असतो. 'एमपीडीए' म्हणजे धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याचा १९८१ चा कायदा, आणि 'छप्पन' म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील हद्दपारीचा प्रस्ताव. ही कलमे संक्षेप म्हणून बोलली जातात तेव्हा त्यांत गुप्तता शून्य असते. कायद्याचे पुस्तक बाजारात मिळते. मात्र कोणत्या कायद्याचे पुस्तक उघडावयाचे हे आकड्यावरून कळत नाही, ते बोलणारा आणि ऐकणारा यांनी गृहीत धरलेले असते.

गृहीत धरण्याचा हा प्रकार किती स्थानिक असतो याचे नामी उदाहरण पुलगावचे आहे. पुलगावात 'कॅड' म्हटले की शेंबडे पोरही लष्कराच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराकडे बोट दाखवील. संगणकाच्या जाणकारास मात्र तीच तीन इंग्रजी अक्षरे नियंत्रण कक्षातील त्या प्रणालीची वाटतात जी मदतीचा फोन येताच जवळची गाडी शोधून तिकडे रवाना करते. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, आणि दोन्ही एकाच जिल्ह्याच्या पोलिसांच्या कामातले आहेत. कोशात विस्तार पाहून येथे निर्णय होत नाही. कोण बोलतो आहे, कोठून आणि कशाबद्दल, हे कळावे लागते.

संगणकांचा प्रवेश

चौथा वर्ग सर्वांत नवा आणि सर्वांत दुर्बोध. सन २००४ च्या सुमारास 'सीपा', म्हणजे पोलीस ठाण्यांसाठीची सामाईक एकात्मिक प्रणाली, सुरू झाली. तिच्यात प्रत्येक ठाण्याचा संगणक बव्हंशी आपल्यापुरताच राही. मुंबईवरील नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ठाण्याठाण्यांतील माहिती एकमेकांस दिसली पाहिजे ही निकड वाढली आणि जून २००९ मध्ये केंद्राने सीसीटीएनएस ही गुन्हे व गुन्हेगार यांचा माग ठेवणारी देशव्यापी योजना २००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केली. महाराष्ट्रात ती २०१५ पासून प्रत्यक्ष चालू झाली. खबर, घटनास्थळाचा तपशील, अटक, जप्ती आणि अंतिम अहवाल यांचे नमुने तिच्यात ठरलेले आहेत, आणि तपासी अंमलदार त्यांचा उल्लेख 'आयआयएफ' व त्यापुढील क्रमांक असा करतात. न्यायालये, कारागृहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि अभियोग संचालनालय यांच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी जोडणारी आयसीजेएस ही पुढची पायरी. बोटांच्या ठशांबरोबर चेहरा व बुबुळ यांवरून ओळख पटविणारी 'अँबिस' ही महाराष्ट्राची, आणि ठशांची राष्ट्रीय भांडारव्यवस्था 'नॅफिस' ही २०२२ ची. नागपूर येथे २०२४ मध्ये राज्याने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी 'मार्व्हल' नावाची कंपनी स्थापन केली. ही नावे आधी ठरवून मग त्यांच्यासाठी शब्द शोधले असावेत असा संशय येतो. नाव इंग्रजीत सुबक दिसावे म्हणून विस्ताराला बरीच कसरत करावी लागलेली आहे.

बिनतारी बोलीवर प्रत्यक्ष परिणाम केला तो ११२ ने. महाराष्ट्रात २०२१ पासून पोलिसांच्या मदतीसाठीचे फोन या एका क्रमांकावर येऊ लागले. ते प्रथम नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात घेतले जातात आणि तेथून घटनेची नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येते. आर्वीचा माणूस फोन करतो, नागपूरचा किंवा नवी मुंबईचा कर्मचारी तो ऐकतो, वर्ध्याचा कक्ष गाडी ठरवितो, आणि गाडीत बसविलेल्या एमडीटी नावाच्या पडद्यावर घटनेचा क्रमांक व ठिकाण उमटते. पूर्वी 'अमुक चौकात मारामारी, दोन जखमी, तात्काळ पोचा' असे सविस्तर वाक्य हवेतून जाई. आता 'इव्हेंट पाहा' एवढे पुरते, आणि काम झाल्यावर 'एटीआर (केलेल्या कारवाईचा अहवाल) टाका, इव्हेंट क्लोज करा' एवढे. वर्णन पडद्यावर गेले. हवेत राहिले ते वर्णनाकडे नेणारे क्रमांक. माझ्या मते आजची बिनतारी बोली न समजण्याचे खरे कारण हे आहे. संक्षेप पूर्वीही होते, पण त्यांच्या आगेमागे वाक्य असे. आता त्या वाक्याची जागा अशा एका नोंदीने घेतली आहे जी ऐकणाऱ्याच्या समोर नाही.

मतभेदांची मांडणी

या स्थितीविषयी साधारणतः चार प्रकारची मते ऐकू येतात. पहिले मत यंत्र चालविणाऱ्यांचे. एका वाहिनीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. तो बोलत असता बाकी साऱ्यांनी गप्प राहावयाचे असते, म्हणून संक्षेप ही आळशीपणाची खूण नसून इतरांविषयीची सभ्यता आहे असे ते म्हणतात. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. गर्दीत उघड्या यंत्रावरून पीडित मुलीचे नाव किंवा पत्ता उच्चारला गेला तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने जी ओळख झाकून ठेवावयास सांगितली तीच चव्हाट्यावर येते. क्रमांक बोलल्याने हे टळते.

दुसरे मत सरळ भाषेच्या पुरस्कर्त्यांचे. मोठ्या आपत्तीत पोलीस, लष्कर, अग्निशमन दल, डॉक्टर आणि महसूल खाते एकत्र येतात आणि प्रत्येकाची आद्याक्षरे निराळी असतात. अमेरिकेत केंद्रीय आपत्ती यंत्रणेने २००६ पासून अशा संयुक्त प्रसंगी साधी भाषा वापरणे अनुदानाच्या अटींत घातले. पुलगावच्या भांडारात ३१ मे २०१६ रोजी भीषण आग लागून जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि आसपासच्या गावांतील लोकांना हलवावे लागले, हे ज्यांना आठवते त्यांना हा युक्तिवाद केवळ परदेशी वाटणार नाही. समृद्धी महामार्गामुळे त्यात भर पडली आहे. त्यावरील अपघाताचे ठिकाण 'चॅनेज'च्या, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनच्या अंतराच्या, आकड्याने सांगितले जाते, गावकरी मात्र शिवाराचे नाव सांगतो आणि ११२ चा पडदा अक्षांश-रेखांश दाखवितो.

तिसरे मत मराठीकरणवाद्यांचे. राजभाषा अधिनियम १९६४ चा असता हवेतील कारभार इंग्रजी अक्षरांत का, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, तरी 'स्था.गु.शा.' हे लिहिण्यास सोपे असले तरी बोलण्यास सोपे नाही, हे त्यांच्यातील समंजस मंडळीही मान्य करतात. मराठी आद्याक्षरे उच्चारसुलभ व्हावीत अशा रीतीने पदनामे घडविण्याचा प्रयत्न कोशकारांनी केला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कागद होता.

चौथे मत माहितीच्या हक्काचे. पोलिसांचे संभाषण सार्वजनिक पैशाने चालते, तेव्हा निदान मागाहून तरी त्याची नोंद नागरिकास मिळावी, असे या पक्षाचे म्हणणे. अमेरिकेत डेन्व्हर शहराने २०१९ मध्ये व पुढे न्यूयॉर्कनेही पोलिसांच्या वाहिन्या सांकेतिक केल्या तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी याच कारणाने तक्रार केली. आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दार उघडले, पण तपासास अडथळा येईल किंवा कोणाच्या जिवास धोका होईल अशी माहिती कलम ८ ने वगळली. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, संवेदनशील गुन्हे सोडून, प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. त्यामुळे सेलूचा वार्ताहर आज वॉकीटॉकीवर जे अर्धवट ऐकतो ते पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पूर्णपणे वाचू शकतो. बिनतारी बंद होत असता संगणकाने एक खिडकी उघडली, हे या वादात फारसे कोणी लक्षात घेत नाही.

नोंदवहीची कसोटी

अशा नोंदी वाचण्याचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयानजीकच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी मारले गेले. कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहिती अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळविल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकात त्यांच्या आधारे काही प्रश्न विचारले : मदतीची मागणी केव्हा झाली, ती कोणी ऐकली, आणि तिच्यावर काय झाले. त्या रात्री नियंत्रण कक्ष सांभाळणारे राकेश मारिया यांना हे आक्षेप मान्य नव्हते. राम प्रधान व व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने पोलिसांच्या प्रतिसादाची स्वतंत्र चौकशी केली होती. कोणाची बाजू खरी याचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच की एकच नोंद समोर ठेवून जाणती माणसे भिन्न निष्कर्षांस येऊ शकली. कोणते वाक्य कोणासाठी होते, ते पोचले की केवळ उच्चारले गेले, नोंदलेली वेळ बोलण्याची की लिहिण्याची, या गोष्टी संक्षेपांच्या यादीत सापडत नाहीत.

आज नोंद अधिक नेमकी आहे, कारण घटनेची वेळ, गाडीची जागा आणि उत्तराची वेळ यंत्रच टिपते. परंतु ती न्यायालयात सादर करावयाची तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, आणि हवेतले बोलणे व पडद्यावरची नोंद यांत तफावत आढळल्यास वजन कशास द्यावयाचे हे प्रकरणाच्या पुराव्यावरच ठरते.

अनिर्णित राहिलेले

यंत्राविषयीचा एक प्रश्न उघडा आहे. आष्टी, कारंजा आणि आर्वीचा काही भाग डोंगराळ. तेथे एमडीटीचा पडदा भ्रमणध्वनीच्या जाळ्यावर अवलंबून, तर बिनतारीच्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या, टेकडीवरील पुनःप्रक्षेपकाच्या आधाराने चालणाऱ्या. दोहोंपैकी एक बंद पडले की दुसऱ्यावर भिस्त. म्हणून पडदा आल्यावर बिनतारी मोडीत काढावी हे म्हणणे वर्ध्यासारख्या जिल्ह्यात अकाली वाटते. पण क्रमांकांवर पोसलेल्या नव्या अंमलदारांना पडदा नसताना संपूर्ण वाक्यात घटना सांगण्याचा सराव उरेल काय, याचाही विचार प्रशिक्षणात झाला पाहिजे.

दुसरा प्रश्न कलमांचा, आणि तो सर्वांत निकडीचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. खुनाचे ३०२ जाऊन १०३ आले, खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ जाऊन १०९, फसवणुकीचे ४२० जाऊन ३१८ चे पोटकलम; फौजदारी प्रक्रिया संहितेतील प्रतिबंधक कारवाईचे १०७ व १५१ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अनुक्रमे १२६ व १७० झाले, आणि जमावबंदीचे १४४ आता तेथे १६३ आहे. नव्या न्याय संहितेत ३०२ हा आकडा रिकामा राहिलेला नाही. तेथे कोणाच्या धार्मिक भावना दुखविण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचा अपराध आहे. त्यामुळे बिनतारीवर 'तीनशे दोन' असे ऐकू आले तर जुन्या सवयीने बोलणारा हवालदार खून म्हणतो आहे की नुकताच भरती झालेला शिपाई सभेतील वादग्रस्त भाषणाविषयी सांगतो आहे, हे आकड्यावरून ठरत नाही. संगणकात हा घोटाळा होत नाही, कारण तेथे आधी कायदा निवडावा लागतो. बोलण्यात तशी सक्ती नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेले गुन्हे मात्र जुन्याच दंडसंहितेखाली चालणार असल्याने, त्यांतील शेवटचा खटला वर्ध्याच्या सत्र न्यायालयात निकाली निघेपर्यंत दोन्ही आकडेमाला शेजारी शेजारी नांदतील, आणि ऐकणाऱ्यास प्रत्येक कलमाबरोबर गुन्ह्याची तारीखही विचारावी लागेल.